ग्रामसभेचा डी ड्राइव्ह

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या डब्याला सीपीयू म्हणतात. खरं तर सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चिप, पण चंद्रपूरच्या दुकानात जाऊन ‘कॅबिनेट उघडा’ म्हटलं तर पोरगं तोंडाकडे बघत राहतं. ‘सीपीयू खोल’ म्हटलं की लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन येतं. हार्डडिस्क बिघडत नाही, ‘उडते’. विंडोज टाकत नाहीत, ‘मारतात’. फॉरमॅटही मारतातच. आणि दुकानदार शेवटी एक वाक्य हमखास ऐकवतो, जे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय : ‘टेन्शन नको घेऊ, फक्त सी मारतो, डी तसाच राह्यते.’

या डी ड्राइव्हवर आपल्या लोकांची फार श्रद्धा. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखीव होती, म्हणून हार्डडिस्कची मोजणी सी पासून सुरू झाली. असेंबल करून देणाऱ्यांनी डिस्कचे दोन भाग करायची पद्धत पाडली. सी मध्ये विंडोज, डी मध्ये आपलं सामान. लग्नाचे फोटो, गाणी, पोराचं प्रोजेक्ट, सातबाराचं स्कॅन, सगळं डीमध्ये. पण सी आणि डी या दोन वस्तू नाहीत. एकाच वावरात मधोमध धुरा घातल्यासारखं आहे ते. विंडोज पुन्हा टाकताना धुरा कामी येतो, एवढं खरं. वावरातच पाणी शिरलं तर दोन्हीकडचं पीक जातं.

गेल्या मे महिन्यात मी पुण्याहून घरी आलो होतो, लॅपटॉपवर काम चालू होतं, आणि आईला फोन आला. आई बरीच वर्षं धानोरा तालुक्यात शिक्षिका होती. तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन. ती आता तिच्या गावच्या ग्रामसभेचं हिशेबाचं काम बघते. गाव तिला ‘सचिव’ म्हणतं. बी.ए. झालेली, एमएससीआयटी केलेली, वय असेल चोवीस-पंचवीस. ‘मॅडम, दादा आले आहेत का? आमचा सीपीयू मेला. दुकानवाला म्हणते हार्डडिस्क उडाली, नवीन टाका. नवीन टाकू जी, पण जुन्यातलं कसं करायचं?’

जुन्यात काय होतं, हे समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या वाचकाला दोनच गोष्टी आठवतात, नक्षल आणि वाघ. तिसरी सांगतो. २००६चा वनहक्क कायदा आला आणि त्यातल्या सामूहिक वनहक्काचा सर्वांत जास्त वापर झाला तो याच जिल्ह्यात. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये १८०० हेक्टरांहून थोड्या जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. म्हणजे आपला बांबू आपण विकायचा, पासही आपणच फाडायचा. मेंढ्यातले निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. त्यासाठी गावातच अभ्यास गट बसतात. पुढे पेसा आणि वनहक्क या दोन कायद्यांच्या आधाराने कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलावसुद्धा स्वतः करू लागल्या. जंगल हातात आलं की हिशेबही हातात येतो. आणि हिशेब आला की वही येते, वहीमागून कॉम्प्युटर येतो.

सचिवचं गाव मेंढा नव्हे. नाव सांगत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. साठ-बासष्ट घरं. तीन हंगामांपूर्वी त्यांनी पत्ता विकला, कंत्राटदाराने काही रक्कम दिली आणि उरलेली दिली नाही. विचारलं तर म्हणाला, तुमच्या फळीवर तेवढे पुडे आलेच नव्हते. फळी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथे लोक पहाटे तोडलेला पत्ता पुडे बांधून आणतात, मोजून देतात आणि उन्हात वाळत घालतात. कुठल्या घराचे कुठल्या दिवशी किती पुडे, याची रोजची नोंद होते. नोंदीची वही उधईने खाल्ली होती. पण त्या हंगामात सचिव रोज संध्याकाळी वहीवरून एक्सेलमध्ये आकडे भरायची. करारनाम्याचं स्कॅनही तिथेच होतं. जूनमध्ये तालुक्याला बैठक लागली होती, तिथे कागद ठेवायचे होते. काही लाखांचा प्रश्न. पुण्यात एखाद्याची वर्षाची वाढ असेल तेवढा. बासष्ट घरांत वाटला तर पावसाळ्याआधीचं बियाणं आणि पोरांच्या शाळेचा खर्च.

मी मोटरसायकलने गेलो. मूल, सावली, व्याहाड, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, आणि मग धानोऱ्याचा रस्ता. मे महिन्यात हा रस्ता सकाळी दहाच्या आत संपवायचा असतो. गावात पोचलो तेव्हा अर्धी माणसं फळीवर होती. अध्यक्ष काकांनी समाजमंदिराच्या खोलीचं कुलूप काढलं. टेबलावर एक सीपीयू, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. कोपऱ्यात दुसरा, खूप जुना, कुणीतरी शहरातून दान केलेला. आणि कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत एक बाहेरची हार्डडिस्क, खिशात मावेल अशी, दाव्याच्या काळात जीपीएस मोजणीला आलेल्या मुलांनी ठेवून दिलेली.

म्हणजे एक नाही, तीन डिस्क. आणि तिन्ही ‘उडालेल्या’.

आधी मोठ्या सीपीयूचं बघितलं. बटण दाबलं तर पंखासुद्धा हलेना. हार्डडिस्क उडाल्यावर कॉम्प्युटर असा गप्प बसत नाही. तो चालू होतो, पडद्यावर काहीतरी कुरकुर लिहितो. एवढी शांतता म्हणजे वीज आतपर्यंत पोचतच नाही. मागच्या बाजूला असतो तो चौकोनी डबा, एसएमपीएस, २३० व्होल्टचे १२ आणि ५ व्होल्ट करणारा, तो जळाला होता. मे महिन्यात वादळ येतं, लाइन जाते, येताना दणका देऊन येते. दुकानदाराने डबा उघडलाच नसावा. अंदाजाने मृत्यूचा दाखला दिला. अशा दाखल्यांवर किती जिवंत डिस्क भंगारात जातात, याचा हिशेब कुणी ठेवत नसेल.

तिन्ही डिस्क मी चंद्रपूरला घेऊन आलो. निघताना काकांनी एक पावती लिहून माझी सही घेतली : हार्डडिस्क नग ३, परत करण्याच्या बोलीवर. मला ते आवडलं. माझ्या कंपनीत सर्व्हर हलवतानाही इतकं स्वच्छ कागदकाम होत नाही.

घरी माझा कॉलेजच्या काळातला डेस्कटॉप आहे. लॅपटॉपच्या जमान्यात तो कशाला ठेवलास असं सगळे विचारतात. त्याचं उत्तर त्या आठवड्यात मिळालं. डेस्कटॉपचा दरवाजा उघडतो. आत मदरबोर्डवर साटाची चार तोंडं आहेत, दोन मोकळी होती.

मोठ्या सीपीयूतली डिस्क ५०० जीबीची, साडेतीन इंची, साटा. तिला दोन केबल लागतात. एक पातळ, सात टोकांची, ती डेटाची, मदरबोर्डकडून येते. दुसरी रुंद, पंधरा टोकांची, ती विजेची, एसएमपीएसकडून येते. दोन्हींची खाच इंग्रजी एल अक्षरासारखी, त्यामुळे उलटी बसत नाही, जबरदस्ती केली तर तुटते मात्र. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून, बोर्ड मागून काढून, हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून घ्यायचा (अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून), आणि मग जोडायचं. काम एवढंच, दोन मिनिटांचं. मग पुढचे चार दिवस कशात गेले?

ज्या डिस्कमध्ये मोलाचं काही आहे, तिला आपल्या चालू विंडोजला जोडणं हे अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देण्यासारखं आहे. विंडोज उत्साही प्राणी आहे. नवी डिस्क दिसली की तो तिच्यावर काहीबाही लिहितो, चूक दिसली तर स्वतःहून दुरुस्त करायला बसतो, आणि काही कळलं नाही तर नम्रपणे विचारतो की वापरण्याआधी फॉरमॅट करू का. त्या पाटीवर ‘हो’ म्हणून किती घरांतले फोटो गेले असतील. म्हणून मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि जुनी डिस्क फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही, अशी धरली. मग पहिलं काम फाइल शोधायचं नाही. पहिलं काम पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल, कोरी जागासुद्धा सोडायची नाही. पुढची सगळी शोधाशोध नकलेत करायची.

त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं एक फुकट हत्यार आहे. याची रीत मला मोह वेचणाऱ्या बाईसारखी वाटते. आधी सगळ्या झाडाखालून फिरून जे सहज हाताला येतं ते उचलायचं. काट्यात पडलेल्या फुलासाठी पहिल्या फेरीत थांबायचं नाही, खूण लक्षात ठेवायची आणि नंतर परत यायचं. डीडीरेस्क्यू चांगला भाग आधी उचलतो, खराब जागांची नोंद एका छोट्या फाइलमध्ये करतो, मग त्या जागांवर पुन्हा पुन्हा येतो. मध्येच बंद पडला तर त्या नोंदीवरून पुढे चालू होतो. हे शेवटचं आमच्यासाठी महत्त्वाचं. चंद्रपूरच्या उशाला २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, आणि तरी आमच्या मोहल्ल्यात लाइन जाते. धूर आमच्याकडे, वीज पुढे.

आणि ऊन. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४६-४७ला टेकतो. बहुतेक हार्डडिस्कना साठ अंशांपर्यंतची मुभा असते, पण ती डिस्कच्या स्वतःच्या तापमानाची. खोलीतच चाळीस असतील तर सतत वाचत राहिलेली डिस्क पन्नाशी सहज ओलांडते. दुपारी मी काम बंद ठेवलं. रात्री नऊनंतर कॅबिनेटची बाजू उघडी टाकून समोर टेबलफॅन लावला. कूलर लावला नाही, ओली हवा त्या डब्यात नको होती. घरच्यांनी मात्र ते पाहिलं की कूलर आम्हाला आणि फॅन कॉम्प्युटरला. बाबा म्हणाले, ‘पाहुण्याची सोय चांगली केली तू.’

निरोगी ५०० जीबीची डिस्क दोनेक तासांत नक्कल होते. हिला दोन रात्री लागल्या. पहिल्या दीड तासात जवळजवळ सगळं आलं आणि मग शेवटच्या काही एमबीसाठी काटा हलेना. सकाळी पाच वाजता मी थांबवलं तेव्हा सहा एमबीच्या आसपास जागा वाचता आलेली नव्हती. पाचशे जीबीत सहा एमबी म्हणजे काहीच नाही, असं इंजिनिअर म्हणेल. ते सहा एमबी कुठे पडलेत यावर ते अवलंबून आहे.

दुसरी डिस्क, दान आलेल्या सीपीयूतली, ८० जीबीची आणि आयडीई. आजच्या वाचकांपैकी अनेकांनी ही पाहिलीही नसेल. चाळीस पिनांचा रुंद जबडा, त्यात पट्ट्यासारखी केबल. एका पट्ट्यावर दोन डिस्क बसतात, आणि त्यातली कोण मास्टर, कोण स्लेव्ह हे मागच्या इवल्याशा जंपरने ठरवायचं. दोघी मास्टर झाल्या तर दोघीही दिसत नाहीत. २००३मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीने सामान पुरवणाऱ्यांना कळवलं होतं की मालक-गुलाम असे शब्द यंत्रांवर नकोत, आणि जगभर त्याची थट्टा झाली होती. त्याच सुमारास साटा बाजारात आलं आणि प्रश्नच मिटला, कारण साटात प्रत्येक डिस्कला स्वतःची केबल. थट्टेत मला कधी सामील व्हावंसं वाटलं नाही. गडचिरोलीत बिगारी आणि कंत्राटदारीच्या गोष्टी सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारायला मीसुद्धा अडखळलो. ‘यातली एक मुख्य असते आणि एक दुय्यम’ असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली.

माझ्या मदरबोर्डला आयडीईचं तोंड नाही. त्यासाठी यूएसबीचा कन्व्हर्टर मागवला. त्याच्यासोबत वेगळा अडॅप्टर येतो, कारण साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि यूएसबीत असतात फक्त पाच. जंपर मास्टरवर ठेवला, अडॅप्टर आधी, यूएसबी नंतर. डिस्कने घशातून आवाज काढला, जुन्या गिरणीसारखा, आणि दिसली. एकही सेक्टर खराब नाही. इतकी वर्षं समाजमंदिराच्या कोपऱ्यात पडून, आणि जशीच्या तशी.

फाइल मात्र उघडली तर आत एक्स, झेड, के, ई, एल, एच, के, के. पानभर असला रोमन कचरा. दोन मिनिटांनी लक्षात आलं. ही आठ अक्षरं म्हणजे ‘ग्रामसभा’. कृतिदेव! युनिकोड गावागावांत पोचायच्या आधी मराठी अशीच टाइप व्हायची. आत अक्षर इंग्रजीच साठवलेलं, फॉन्ट फक्त त्याला देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळून पडतो. फॉन्ट टाकल्याबरोबर अख्खा वनहक्क दावा वाचता आला. निस्तारातली जंगलं, देवराया, मासे धरायच्या जागा, कुठल्या नाल्यापासून कुठल्या टेकडीपर्यंत. मी ते सगळं युनिकोडमध्ये बदलून ठेवलं. तरुण मित्रांना एवढंच सुचवेन की घरात आजोबांची किंवा आईची एखादी ‘खराब झालेली’ वर्ड फाइल असेल तर टाकून देण्याआधी कृतिदेव, श्रीलिपी यातलं काही लावून बघा.

तिसरी डिस्क सर्वांत नवी आणि सर्वांत नाटकी. जोडली की टिक टिक करायची, दिसायची, नाहीशी व्हायची. ही टिकटिक ऐकून कुणीही म्हणेल की गेली. पण गावात ती कशी जोडत होते हे सचिवला विचारलं. सीपीयूच्या पुढच्या तोंडाला, आणि केबल लांब पडावी म्हणून मध्ये आणखी एक केबल. अडीच इंची बाहेरच्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती सगळी वीज यूएसबीतूनच ओढते. जुन्या यूएसबी २.० तोंडातून नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी तिला सर्वांत जास्त लागते. लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, तबकडी उठायला बघते, उठवत नाही, पुन्हा बघते. तीच टिकटिक. मागच्या बाजूचं, थेट मदरबोर्डवरचं निळं तोंड आणि हातभर लांबीची नवी केबल. डिस्क एका दमात उठली. दोनशे रुपयांत.

सुरुवातीला मला मोह झाला होता की कवच फोडून आतली डिस्क थेट साटाला लावावी. अनेक व्हिडिओत तसंच दाखवतात. पण काही बाहेरच्या डिस्कमध्ये साटाचं तोंडच नसतं, यूएसबी थेट पाटीवर झाळलेलं असतं. काहींमध्ये कवचातली चिप सगळा डेटा कूटबद्ध करून लिहिते. चिपपासून तोडली की डिस्क चालते, पण आत निरर्थक अंकांशिवाय काही सापडत नाही. कवच हे शेवटचं पाऊल.

या डिस्कमध्ये जीपीएसचे बिंदू होते, नकाशे होते, झाडीपट्टीतल्या दोन नाटकांचं चोरून केलेलं शूटिंग होतं (आवाज वाईट, पण हशा स्पष्ट), आणि एक चव्वेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ होता. वनहक्काच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही धरला जातो, लेखी करून घेतलेला. तो जबाब घेताना कुणीतरी कॅमेरा चालू ठेवला होता. एक म्हातारे आजोबा, डोक्याला पंचा, काठी टेकत पुढे चाललेत आणि गोंडीत बोलतायत. प्रत्येक वळणावर थांबतात, काठीने दाखवतात, एक नाव घेतात. मागून कुणीतरी मराठीत लिहून घेतंय. त्यातली बरीच नावं सरकारी नकाशावर नाहीत. मला गोंडी येत नाही. तरी पूर्ण बघितला. सचिवला फोनवर सांगितलं, असा असा व्हिडिओ आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ते माझे आजोबा होत, दादा. त्यांचा चालताना फोटोसुद्धा नाही आमच्याकडे.’

हे सगळं पुण्यातल्या मित्राला सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न : क्लाउडवर का नाही टाकलं? साधा हिशेब केला. तिन्ही डिस्कमधला कामाचा माल ३०० जीबीच्या आसपास. गावात नेटवर्क एका टेकाडावर येतं, त्याला अपलोडचे दोन एमबीपीएस मिळाले असं उदारपणे धरलं, तर न थांबता चौदा दिवस लागतील. मी मोटरसायकलवर तेच चार तासांत आणलं. म्हणजे माझ्या गाडीचा वेग १६० एमबीपीएसच्या वर. टॅनेनबॉमच्या नेटवर्किंगच्या पुस्तकात टेपांनी भरलेल्या गाडीचं उदाहरण असतं, इंजिनिअरिंगला आम्ही ते विनोद म्हणून वाचलं होतं.

आणि हे काही ग्रामसभेचं मागासलेपण नाही. शेजारच्या ताडोब्यात वाघ मोजतात तेही असंच चालतं. १९५५मध्ये जाहीर झालेलं हे राष्ट्रीय उद्यान. गणनेच्या वेळी पाणवठ्यांकडे जाणाऱ्या वाटांवर समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही लागतात. जंगलात नेटवर्क कुठलं? माणूस जातो, मेमरी कार्ड काढतो, कार्डातून कॉम्प्युटरवर, कॉम्प्युटरवरून हार्डडिस्कवर. २०२२च्या देशभराच्या गणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे होते आणि फोटो निघाले ४ कोटी ७० लाखांवर. त्यात वाघाचे ९७,३९९. बाकी सगळी हरणं, डुकरं, गुरं, वाऱ्याने हललेलं गवत, आणि सरपणाला आलेल्या बायका. एवढं जंगल कुठल्या ना कुठल्या डिस्कवर बसलेलं आहे. वाघाचा कुठला पट्टा कुठे वळतो हे नोंदलेलं आहे, मिलिमीटरच्या काळजीने, आणि ते चांगलंच आहे. त्या मानाने त्याच जंगलातल्या नाल्याला माणसं काय म्हणतात याची एकुलती एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत होती.

आता ते सहा एमबी. खराब जागांची यादी आणि फाइलींची यादी जुळवून बघितली. बहुतेक घाव विंडोजच्या स्वतःच्या फाइलींवर, काही एका लग्नाच्या व्हिडिओवर. करारनामा सुखरूप. पुड्यांच्या नोंदी आठवड्याला एक अशा फाइलींमध्ये होत्या, त्यातली एक उघडेना. तिसरा आठवडा. नेमका जोरात पत्ता आलेला. दुरुस्तीची दोन-तीन हत्यारं चालवली, वरच्या काही ओळी मिळाल्या, बाकी नाही.

सचिवला सांगितलं. मला वाटलं ती खचेल. ती म्हणाली, ‘कार्ड आहेत ना जी.’ कुठले कार्ड? प्रत्येक घराला तोडाईच्या हंगामात एक कार्ड मिळतं. फळीवर मोजणारा रोजचे पुडे त्यावर लिहून देतो. हे कार्ड लोक रेशन कार्डासोबत पत्र्याच्या पेटीत ठेवतात. तिने आणि गावातल्या चार पोरांनी दोन संध्याकाळी घरोघरी जाऊन फोनने फोटो काढले. बासष्टपैकी त्रेपन्न घरांत कार्ड सापडलं. एक चुलीमागे, धुराने काळं पडलेलं, तरी आकडा वाचता येत होता. उरलेल्या नऊ घरांपैकी काहींचे आकडे माझ्या त्या वरच्या तुटक ओळींत होते. आठवडा जवळजवळ उभा राहिला. बाकीच्या आठवड्यांचे कार्ड आणि एक्सेलही ताडून पाहिले, तेव्हा सचिवच्या टायपिंगमध्ये अख्ख्या हंगामात फक्त तीन ठिकाणी फरक निघाला.

मग परत करायची वेळ आली. मी दोन नव्या डिस्क घेतल्या होत्या, पैसे ग्रामसभेने दिले, बिल मागून. दोन्हींवर सगळा माल. माझ्या डोक्यात तीन-दोन-एकचा नियम होता. पीटर क्रॉग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला : प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. मी सभेत तो सांगितला. एक डिस्क गावात, एक तालुक्याला ओळखीच्या कार्यालयात, आणि तिसरी प्रत माझ्याकडे, पुण्याला, ऑफिसच्या दर्जाच्या जागी, फुकट.

दोन प्रती लगेच मान्य झाल्या. तिसरीवर चर्चा तासभर चालली. गोंडीत. मला मध्ये मध्ये ‘पुणे’ आणि ‘हार्डडिस्क’ एवढंच कळत होतं. शेवटी एक बाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, ‘तुमच्यावर अविश्वास नाही बापा. पण आमचं जंगल पुण्याले काहून ठेवायचं?’ मी एन्क्रिप्शनचं सांगू लागलो. पासवर्ड तुमच्याकडे, पेटी माझ्याकडे, मला उघडता येणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की मग उद्या पेटी पाहिजे असली तर पुण्याला यायला लागेल ना. लागेल. मग नको.

सर्वसहमती झाली ती अशी. दुसरी प्रत तालुक्याला. तिसरी, जुन्या ८० जीबीच्या डिस्कसकट, पाच किलोमीटरवरच्या शेजारच्या ग्रामसभेकडे, त्यांची एक प्रत या गावाकडे, पावतीवर. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीनंतर, दोन्ही गावांनी आपापली डिस्क कॉम्प्युटरला लावून फाइली उघडून बघायच्या, कारण पेटीत नुसती पडलेली डिस्क जिवंत आहे की नाही हे लावल्याशिवाय कळत नाही. काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढायची. हा शेवटचा मुद्दा ठरावात लिहिला गेला तेव्हा मला हसू आलं, पण सचिवने तो मराठीत लिहिला होता : ‘यंत्र हो म्हणेपर्यंत तार ओढू नये.’

मोठ्या सीपीयूला नवा एसएमपीएस बसवला, साडेसातशे रुपयांचा, आणि सोबत स्टॅबिलायझर. जुनी ५०० जीबीची डिस्क काढून ठेवली, तिच्यावर मी मार्करने ‘वापरू नये’ लिहिलं. माझी सही असलेली पावती काकांनी फाडली नाही, मागच्या बाजूला ‘मिळाले’ लिहून फाइलला लावली.

जूनची बैठक झाली. कागद ठेवले. कंत्राटदाराकडून कुणी आलं नाही, पुढची तारीख पडली. सचिवने डिस्क नेली होती, प्रिंटही नेले होते, आणि त्रेपन्न कार्ड एका रबराने बांधून.